नऊ खोल्या आणि एक फोन

"मॅडम, मी कुठं आलोय? आणि बाकीची माणसं कुठं गेली?"

12 ऑगस्ट 2020, दुपारचे चार वाजून पाच मिनिटं. पाटण तालुक्यातल्या एका वाचनालयाचे काका मला फोनवर विचारत होते. बाहेर पाऊस कोसळत होता, काका ओसरीवर बसले होते आणि हातात नातवाचा मोबाइल होता. मी नुकतंच त्यांना सहा अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत ढकललं होतं. खोली म्हणजे झूमवरची. ढकललं म्हणजे एक बटण दाबलं. त्या बटणाचं मला तेव्हा भारी कौतुक होतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'अ' वर्ग ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. (शासन ग्रंथालयांना मोठ्या 'अ'पासून छोट्या 'ड'पर्यंत वर्ग देतं.) 12 ऑगस्ट हा भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. दरवर्षी त्या दिवशी आसपासच्या तालुक्यांतले आम्ही साठ-पासष्ट जण जमतो. एक हॉल, एक व्याख्यान, शाल-श्रीफळ, मग पोहे आणि चहा. आमच्यातली निम्मी मंडळी 'ड' वर्ग ग्रंथालयांतली. तिथे ग्रंथालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या बाजूची एक खोली, चार कपाटं आणि अर्धवेळ काम करणारा एक माणूस, बऱ्याचदा एक बाई. वर्षातून एकदा आपल्यासारखंच काम करणारं कुणी भेटावं, एवढीच त्या दिवसाची ओढ.

त्या वर्षी मार्चपासून सगळी ग्रंथालयं बंद होती. मेळावा ऑनलाइन घ्यायचं ठरलं. पुण्यात आयटीत असलेला माझा भाचा म्हणाला, "मावशी, नुसतं भाषण ठेवू नकोस. ब्रेकआउट रूम कर. लोक छोट्या गटात बोलतील, ओळखी होतील." फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटांत सभा बंद पडते, म्हणून एका महिन्याचं पैसे भरून खातं घेतलं. त्याने पडदा दाखवत दाखवत मला शिकवलं. माणसं त्रेसष्ट, खोल्या नऊ, प्रत्येकी सात. 'आपोआप वाटणी' असा पर्याय होता, तो निवडला. वेळ पंधरा मिनिटं. विषय मी स्वतः काढला होता, तोही वहीत दोनदा खोडून सुवाच्य लिहून : 'कोरोनाकाळातील ग्रंथालयांची बदलती भूमिका'.

आता तो विषय वाचला की कान गरम होतात. पाच महिने कुलूप लागलेल्या खोलीची भूमिका काय बदलणार?

पंधरा मिनिटांत सात माणसं म्हणजे प्रत्येकाला दोन मिनिटं, हा हिशेब मी केला होता. मोबाइलवरून खोलीत पोचायलाच काहींना दीड-दोन मिनिटं लागतात, हे त्यात धरलं नव्हतं. नाव, गाव, ग्रंथालयाचा वर्ग आणि 'ही संधी दिल्याबद्दल आभार' यात प्रत्येकाचं एक मिनिट जातं, हेही धरलं नव्हतं. शिवाय पडद्यावर नावं होती ती अशी : रेडमी नोट 5, व्हिवो 1904, 'आई', आणि एका चौकोनात 'सार्थक इयत्ता 7 वी ब'. सार्थकची ऑनलाइन शाळा सकाळी त्याच फोनवर भरायची. त्याच्या आजोबांना कुणी कशी हाक मारावी?

मी एकेका खोलीत डोकावत फिरले. पहिल्या खोलीत शिरले तर सगळे एकदम ताठ बसले. कुणी बोलेना. दुसऱ्या खोलीतही तेच. वर्षातून एकदा ग्रंथालयाची तपासणी होते तेव्हा आमचे चेहरे जसे होतात, अगदी तसे. आता कुणीतरी दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची नोंद असते ती) कॅमेऱ्यापुढे धरणार, असं मला वाटायला लागलं. तिसऱ्या खोलीत एका संस्थेचे कार्यवाह बोलत होते. मी निघाले, इतर खोल्या फिरून परत आले, तरी ते बोलतच होते. त्यांच्याच ग्रंथालयात काम करणारी बाई त्याच खोलीत होती. यंत्राने चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्यात दोघांची नावं एकत्र निघाली. सहाव्या खोलीत पूर्ण शांतता. फक्त कुणाच्या तरी घरातल्या कुकरच्या शिट्ट्या.

खोल्या बंद करताना साठ सेकंदांचा उलटा आकडा दिसतो. मोबाइलवर तो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. सगळे बोलता बोलता ओढले गेले. माण तालुक्यातल्या एका ताईंनी मला नंतर सांगितलं, "मी 'आमच्याकडं' एवढंच म्हटलं, आन् एकदम सगळ्यांच्या पुढं आले." पंधरा मिनिटांत त्यांचा तो पहिलाच शब्द होता.

पुढे नऊ गटांचे नऊ अहवाल. प्रत्येक गटाकडून एक जण उठून 'आमच्या गटात अतिशय उपयुक्त चर्चा झाली' असं सांगत होता. अर्धा तास गेला. शेवटी मोजलं तेव्हा एकेचाळीस चौकोन उरले होते आणि त्यातल्या कितीजणांसमोर माणूस होता, देव जाणे.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी माझ्या नजरेतून निसटली. तीच सर्वांत महत्त्वाची होती. वक्त्यांकडे वीज गेली होती, म्हणून कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. त्या वीस मिनिटांत सगळ्यांचे माइक उघडे होते. कुणीतरी विचारलं, बंद कपाटांना वाळवी लागलीय, काय करू? कुणी वेखंड म्हणालं, कुणी डांबराच्या गोळ्या, कुणी म्हणालं आधी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. एकाने फोन उचलून कपाटच दाखवलं. दोघं हसले, तिसऱ्याने विचारलं तुम्ही अमक्याचे जावई का. ते नातंही जुळलं. आणि मी गोड आवाजात म्हणाले, "कृपया सर्वांनी म्यूट करावे, कार्यक्रम सुरू होत आहे."

मेळाव्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत मी यादी घेऊन एकवीस जणांना फोन केले. एकच प्रश्न : गटात बोलला नाहीत, का बरं? पहिलं उत्तर सगळ्यांचं सारखंच, 'नाही नाही, छान झालं.' मी फोन ठेवला नाही की दुसरं उत्तर यायचं. आपला आवाज पोचतोय का तेच कळत नव्हतं. विषय मोठ्या लोकांचा होता. आमचे साहेब समोर होते, त्यांच्यापुढं अनुदानाचं कसं काढू? आणि पाटणचे ते काका म्हणाले, "मॅडम, चहा नाही तर माणूस बोलणार काय?"

मी हसले आणि भाच्याला ते गमतीने सांगितलं. तो हसला नाही. त्याने मला हॅरिसन ओवेन या अमेरिकन माणसाबद्दल वाचायला पाठवलं. मोठमोठ्या परिषदा भरवणारा हा गृहस्थ. एका परिषदेची तयारी केली, ती पार पडली आणि लोक म्हणाले, चहापानाची सुटी सगळ्यांत उपयोगाची होती. ज्याची तयारी त्याने केलीच नव्हती ती. मग 1985 साली त्याने सभेची अशी रीत बसवली, की सगळी सभाच त्या सुटीसारखी. विषय येणारे लोक मांडतात, गट ज्याचा त्याने निवडायचा आणि आपण काही देत नाही, घेतही नाही असं वाटलं की उठून दुसरीकडे जायचं. याला तो दोन पायांचा नियम म्हणायचा. काकांनी हेच एका वाक्यात सांगितलं होतं. ते ओसरीवरून बोलले म्हणून मी हसण्यावारी नेलं.

दुसरी गोष्ट वाचली ती 'वर्ल्ड कॅफे'ची. 1995 मध्ये कॅलिफोर्नियात हुआनिता ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांच्या घरी काही मंडळी चर्चेला जमणार होती. पाऊस लागला, अंगणात बसता येईना, म्हणून घरात छोटी छोटी टेबलं मांडली, त्यांवर पांढरे कागद अंथरले. लोक चार-चार जणांत बसले, कागदावर लिहू लागले. मध्येच टेबलं बदलली, प्रत्येक टेबलावर एक जण यजमान म्हणून मागे राहिला, नव्यांना आधीचं बोलणं सांगायला. तिथून ती पद्धत रूढ झाली. पावसामुळे अडकलेली माणसं म्हटल्यावर मला ती लगेच आपलीशी वाटली. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला निम्म्या ओळखी अशाच एसटी स्टँडच्या पत्र्याखाली झालेल्या असतात.

आणि तिसरी गोष्ट चारचा आकडा. रॉबिन डनबार या अभ्यासकाने 1995 च्या एका लेखात मांडलंय, की आपोआप जमलेल्या गप्पांच्या घोळक्यात साधारण चारच माणसं टिकतात. पाचवा आला की घोळक्याचे दोन घोळके होतात. लग्नात आपण हे रोज बघतो. पण पडद्यावर घोळका फुटू शकत नाही, कारण एका वेळी एकच आवाज चालतो. मग पाचवा माणूस जातो कुठे? तो गप्प बसतो. सहावा आणि सातवाही. चार माणसांत सहा जोड्या होतात, सात माणसांत एकवीस. मी एकवीस जोड्यांना पंधरा मिनिटं दिली होती.

एवढं कळल्यावर साधन निवडणं सोपं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. भाच्याला एक नकाशावाली जागा फार आवडायची. त्यात प्रत्येकाची एक बाहुली असते, ती बाणांनी चालवायची, दुसऱ्या बाहुलीजवळ गेलं की त्याचा आवाज ऐकू येतो, लांब गेलं की विरतो. कल्पना मलाही सुंदर वाटली. चहाच्या टेबलाभोवती रेंगाळण्याच्या सर्वांत जवळ जाणारी. आठ जणांना घेऊन रंगीत तालीम केली. पाच जण मोबाइलवर होते. दोघांचं उघडलंच नाही, एकाचा फोन तापला आणि वाईकडच्या एक मॅडम बाहुली घेऊन भिंतीच्या कोपऱ्यात गेल्या त्या पाऊण तास तिथेच उभ्या. आम्ही त्यांना बघत होतो, त्यांना कुणाचाच आवाज येत नव्हता. लॅपटॉपवर बसणाऱ्या, माउस सराईत असणाऱ्या लोकांसाठी ते उत्तमच असेल. आमच्या त्रेसष्टांत लॅपटॉपवाले अकरा.

प्रत्येक गटाला वेगळी लिंक द्यावी, असंही एकदा मनात आलं. पण एका लिंकमधून बाहेर पडून दुसरीत शिरणं म्हणजे काहींच्या दृष्टीने गाव सोडणं. गेलेला माणूस परत येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलवर त्या वर्षी आठ जण एकत्र येऊ शकायचे, तो पर्याय मी राखून ठेवला. शेवटी झूमवरच आलो. लोकांच्या फोनमध्ये ते आता होतं, आणि नातवंडांच्या शाळेमुळे घरात कुणाला तरी ते वापरता येत होतं. साधनाची निवड माझ्या बाबतीत एवढ्यावरच झाली : बिघडलं तर घरातलं पोरगं दुरुस्त करील का?

15 ऑक्टोबर 2020 पासून ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली. म्हणजे आता खरे प्रश्न होते. परत आलेली पुस्तकं हाताळायची कशी? दिवाळी अंक आणायचे का, आणले तर फिरवायचे कसे? दुसरी बैठक 1 नोव्हेंबरला ठेवली, रविवारी, दिवाळीच्या दोन आठवडे आधी. या वेळी विषय मी काढले नाहीत. त्या एकवीस फोनांतून आणि नंतर आलेल्या आणखी काही फोनांतून जे येत राहिलं, तेच घेतलं. वाळवी-उंदीर-ओल. दिवाळी अंक. ई-ग्रंथालय या संगणक प्रणालीत नोंदी भरताना येणाऱ्या अडचणी. बालविभागातली पोरं परत कशी आणायची. आणि ग्रंथालय चालवायला शासनाकडून मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानाचा हप्ता. या शेवटच्या टेबलावर फक्त कर्मचारी, पदाधिकारी नाहीत, असं आधीच स्पष्ट सांगून टाकलं. दोन कार्यवाहांचे नाराजीचे फोन आले. त्यांच्यासाठी त्यांचं वेगळं टेबल केलं. तिथे ते एकमेकांपुढे मनसोक्त बोलले असावेत. मी तिकडे फिरकले नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही अडकलो होतो ते इथे की खोलीत कुणाला टाकायचं ते फक्त होस्टच, म्हणजे सभा चालवणाराच, ठरवू शकायचा. सप्टेंबरच्या अखेरीस आलेल्या नव्या आवृत्तीत माणसाला स्वतः खोली निवडता यायला लागली. ओवेनचे दोन पाय मिळाले म्हणायचे. पण अ‍ॅप अद्ययावत असेल तरच. आमच्या बावन्न जणांपैकी नऊ जणांचं नव्हतं. त्यासाठी भाच्याने एक साधी युक्ती सांगितली, ती मी आजही कुणालाही सांगते. प्रत्येकाने आपल्या नावाआधी टेबलाचा आकडा लावायचा. '3 सुमन', '1 रमेश'. यादीत कोण कुठला ते एका नजरेत कळतं आणि होस्टला उचलून टाकता येतं. आदल्या दिवशी आम्ही तिघांनी वाटून घेऊन प्रत्येकाला फोन केला आणि नाव बदलून घेतलं. यात अख्खा शनिवार गेला. 'सार्थक इयत्ता 7 वी ब' त्या दिवशी पहिल्यांदा '1 मोरे आजोबा' झाले. (नाव मी बदललंय, आकडा खरा आहे.)

प्रत्येक टेबलाला एक यजमान. यजमान निवडताना मी मोठी चूक टाळली, ती योगायोगानेच. बोलके लोक घ्यायचा विचार होता, पण त्यातल्या तिघांना त्या दिवशी लग्न होतं. मग ऐकणारे घेतले. माण तालुक्यातल्या 'आमच्याकडं'वाल्या ताई दिवाळी अंकांच्या टेबलाच्या यजमान झाल्या. यजमानांना सांगितलं होतं, ओळख करून घ्यायची नाही. प्रत्येकाने येताना एक वस्तू आणायची : सगळ्यांत खराब झालेलं पुस्तक, एखादी नोंदवही, कुलूप, काहीही. ती दाखवत बोलायचं.

ओळखीऐवजी वस्तू, हे कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. ते त्या कपाट दाखवणाऱ्या माणसामुळे सुचलं. हातात वस्तू असली की नव्या माणसालाही पहिलं वाक्य सापडतं. एकाने एक जाड कादंबरी दाखवली, किड्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ बोगदा पाडलेली. त्याने भोकाला डोळा लावून आमच्याकडे बघितलं. त्या टेबलावर नंतर कुणाला बोलतं करावं लागलं नाही.

पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या दोन फेऱ्या केल्या, टेबलावर चार किंवा पाच जण (गर्दी झाली तिथे एकाच विषयाची दोन-तीन टेबलं). तिसरी फेरी आखली होती, ती रद्द केली, कारण पडद्यासमोर दीड तासानंतर आमची माणसं घरात हाक ऐकू आल्यासारखं करून उठतात. कॅफेवाल्यांचा टेबलावरचा कागद आम्हाला हवा होता. सगळ्यांनी मिळून लिहायचं ऑनलाइन पान करून बघितलं होतं, मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी टाइप करताना बोलणं थांबायचं. मग यजमानाने साध्या वहीच्या पानावर पेनाने लिहायचं आणि फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, असं ठेवलं. अहवालवाचन बंद. शेवटी सगळे एकत्र आल्यावर दहा मिनिटं शांतपणे ती पानं बघितली, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारलं. 'उपयुक्त चर्चा झाली' हे वाक्य कुणाच्याही पानावर नव्हतं.

दिवाळी अंकांच्या पानावरची योजना अशी होती : रोज एकेक अंक बदलून द्यायचा नाही. पाच अंकांचा एक संच, कापडी पिशवीत, आठ दिवसांसाठी. परत आला की तीन दिवस पिशवी वेगळ्या खणात ठेवायची, मग पुढच्या सभासदाला. पिशवीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, त्यावर तारखा. त्या दिवाळीत सात ग्रंथालयांनी हे केलं. आमच्याकडेही केलं. आता साथ गेली तरी पिशव्या चालूच आहेत, सभासदांना त्या आवडल्या.

इथवर सगळं माझ्या बाजूने होतं, म्हणून मी शेवटी एक हौस केली. ओळखी वाढाव्यात म्हणून जोड्या. यंत्राने दोघादोघांना एका खोलीत टाकायचं, चार मिनिटं, मग नवी जोडी. परदेशातल्या कार्यक्रमांत हे फार लोकप्रिय आहे असं वाचलं होतं, आणि चार मिनिटांत कोण कंटाळणार? तीन फेऱ्या केल्या. पडद्यावर सगळे हसतमुख परत आले. मी खूश.

रात्री साडेनऊला जावळीकडच्या एका मुलीचा फोन आला. चोवीस-पंचवीस वर्षांची, 'ड' वर्ग ग्रंथालय सांभाळणारी, वर्षापूर्वी लग्न झालेलं. म्हणाली, मॅडम, राग मानू नका, पण ते दोघांचं पुढच्या वेळी नको. दुसऱ्या फेरीत तिच्यासमोर पन्नाशीचे एक गृहस्थ आले. ते काही वावगं बोलले नाहीत, ग्रंथालयाबद्दलच विचारत होते. पण ती माजघरात बसली होती, सासूबाई येता-जाता बघत होत्या, आणि पडद्यावर एक अनोळखी पुरुष, तिसरं कुणी नाही. तिने कॅमेरा बंद केला, त्या गृहस्थांना वाटलं नेटवर्क गेलं. तिसऱ्या फेरीत ती आलीच नाही.

मला हे सुचायला हवं होतं. मी स्वतः वीस वर्षांपूर्वी अशाच माजघरात होते. प्रत्यक्षातल्या मेळाव्यात दोन अनोळखी माणसं बोलतात तेव्हा त्यांच्याभोवती साठ माणसं असतात. हॉलचं दार उघडं असतं, पोह्यांचा वास येत असतो. त्या दोघांना एकांत हवा असतो कुठे? पडद्यावरच्या खोलीला दार दिसत नाही. आणखी चौघींना मी सहज म्हणून विचारलं. तिघींनी तेच सांगितलं, चौथी म्हणाली मला काही वाटलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे तीनपेक्षा कमी माणसांची खोली नाही, आणि कॅमेरा चालू ठेवायची सक्ती नाही. भाचा म्हणतो, त्याच्या कंपनीत जोड्याच सगळ्यांत चांगल्या चालतात. चालत असतील. तिथे प्रत्येकाला स्वतःची खोली आहे, दाराला कडी आहे.

तिसरी बैठक 12 ऑगस्ट 2021 ची. त्याआधी तीन आठवड्यांपूर्वी, 22-23 जुलैला, पावसाने पश्चिमेकडची गावं झोडपून काढली होती. चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी वाचनालयात शिरलं, पुस्तकं भिजली, ते फोटो आम्ही सगळ्यांनी बघितले होते. आमच्या पाटण-जावळीकडेही तळमजल्यावरच्या दोन-तीन ग्रंथालयांत कपाटांचे खालचे कप्पे पाण्यात होते. या वेळी विषय शोधावा लागला नाही.

व्याख्यान ठेवलंच नाही. साताऱ्यात पुस्तकबांधणीचं काम करणारे एक जुने कारागीर आहेत, त्यांना बोलावलं, पण व्यासपीठावर नाही. ते एकेका खोलीत पंधरा-पंधरा मिनिटं बसत गेले. याला काही इंग्रजी नाव असेलही. आम्ही 'फिरता पाहुणा' म्हणायचो. व्यासपीठावरून त्यांनी पाऊण तास भाषण केलं असतं तर ते स्वतःच घाबरले असते. खोलीत चार माणसं आणि एकाच्या हातात फुगलेलं पुस्तक, तिथे ते मोकळे बोलले. भिजलेलं पुस्तक ओढून उघडू नका, पानं फाटतात. उभं ठेवा, हवा लागू द्या. मधे कोरा टिपकागद घाला, छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. गुळगुळीत चकचकीत पानांची पुस्तकं आधी घ्या, ती एकदा वाळून चिकटली की सुटत नाहीत. आणि सगळी एकदम हाताळणं जमत नसेल तर गोठवून ठेवा, बुरशी थांबते, सवडीने काढता येतात. "गोठवू कुठं?" असं एकीने विचारलं. खोलीतला दुसरा म्हणाला, आमच्या गावात आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर पावसाळ्यात रिकामाच असतो. पुढच्या आठवड्यात त्या फ्रीझरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली नव्वद पुस्तकं होती.

सुरुवातीची वीस मिनिटं मी आमंत्रणातच 'चहा' म्हणून छापली होती. ज्याने त्याने आपापल्या घरी करून आणायचा. माइक उघडे, मी कपाशिवाय काही हातात घ्यायचं नाही, असं स्वतःलाच बजावलं होतं. पहिली पाच मिनिटं गोंधळ, बशांचे आवाज, कुणाच्या तरी रेड्याचं हंबरणं. माझा हात म्यूटच्या बटणाकडे दोनदा गेला. मग आपोआप चालू झालं.

राहिला प्रश्न कोयनेच्या खोऱ्यातल्या चौघांचा. पुरानंतर तिकडे नेट नव्हतंच, साधा फोन तेवढा लागायचा. भाचा म्हणाला, त्यांना नंतर रेकॉर्डिंग पाठवू. पण खोल्यांतलं बोलणं त्या रेकॉर्डिंगमध्ये येत नव्हतं, आणि आलं असतं तरी ऐकणं म्हणजे बोलणं नव्हे. मग मी सुचवलं, की त्याच वेळी त्या चौघांनी साध्या फोनवर एकमेकांना जोडून घ्यावं. कॉन्फरन्स कॉलवर पाच-सहा माणसं सहज मावतात. त्यांना विषय सांगितला, कारागिरांचा नंबर दिला, आणि एकाने कागदावर लिहून घ्या म्हटलं. ना चेहरा, ना पडदा, ना खोली. मी त्यांना मनातल्या मनात अनुपस्थितांत धरलं होतं.

दोन दिवसांनी नेट आल्यावर त्यांच्या पानाचा फोटो आला. एक पान नव्हतं, पाच होती. ते चौघं दीड तास बोलले होते. कारागिरांना त्यांनी दोनदा फोन केला होता. कुणाकडे किती पुस्तकं भिजली, कुठली परत विकत घेता येतील, कुठली कुणाकडे जादा आहेत, ती एकमेकांना कशी पोचवायची, एसटी कुठवर जाते आणि पुढे दूधगाडी कुठवर, सगळं लिहिलेलं. अक्षर पाटणच्या काकांचं होतं.

त्यानंतर ते चौघं दर गुरुवारी दुपारी फोनवर भेटायला लागले. गुरुवारी त्यांच्याकडे बाजार नसतो. पुढे एक पाचवा आला, त्याला घेतलं. सहाव्याला म्हणे दुसरा कॉल चालू करून दिला. हे मला वर्षभराने कळलं, तेही प्रत्यक्षातल्या मेळाव्यात, पोह्यांच्या रांगेत.

मी काकांना म्हटलं, "मलाही एखाद्या गुरुवारी जोडून घ्या की."

काकांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. म्हणाले, "तुम्ही नको मॅडम. तुम्ही आलात की सगळे गप बसत्यात."

आणि मला दुसरी बशी आणून दिली.